कंपनी बंद पडली, डबा राहिला



ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी दोन हजार रुपयांवरून वाद झाला. रक्कम आमची नव्हती, आमच्या धाकट्याची होती. तो सातवीत आहे. दादी, नानी, चाचा, खाला अशा सगळ्यांकडून जमलेली ईदी त्याने नीट मोजून ठेवली होती, आणि ती सगळीच्या सगळी त्याला मोबाईलवरच्या एका खेळात घालायची होती. खेळातल्या त्याच्या शिपायाला नवा पोशाख आणि नवी बंदूक हवी होती. आम्ही नाही म्हटले. त्याने विचारले, "अब्बा, ईदी माझी आहे ना?" प्रश्न रास्त होता, म्हणूनच आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही.

यंदा आमची आपा न्यू जर्सीहून ईदसाठी आली होती. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन हे सगळे ऐकत होता. आता तो चांगला कमावता झाला आहे. वाद वाढतोय असे पाहून तो उठला, बॅगेतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आला आणि आमच्या मुलासमोर उघडून म्हणाला, "हे तुझ्यासाठीच आणलंय. पण आधी याची गोष्ट ऐक. मामू, तुम्हीही ऐका. मी अकरा वर्षांचा असताना सगळी ईदी यात घातली होती, आणि महिन्याभरात कंपनीच बंद पडली."

डब्यात प्लॅस्टिकच्या रंगवलेल्या सोंगट्या होत्या, बोटभर उंचीच्या. स्पायडरमॅन, बॅटमॅन आणि आम्हाला नावे ठाऊक नसलेले आणखी पुष्कळ. प्रत्येक सोंगटी एका जाड गोल तबकडीवर उभी होती. तबकडी फिरवली की 'टक्' असा आवाज यायचा आणि तिच्यातल्या खाचेतून दिसणारे आकडे बदलायचे.

त्या रात्री भाच्याने जे सांगितले, आणि नंतर आम्ही स्वतः वाचून जे समजून घेतले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो आहोत. गोष्ट अमेरिकेतली आहे आणि खेळण्यांची आहे. पण आपल्या घरातल्या पैशाशी आणि मुलांशी तिचा संबंध कसा येतो, ते पुढे लक्षात येईलच.

टक् करणारी तबकडी

सोंगट्यांच्या लढायांचा छंद युरोप-अमेरिकेत जुना आहे. पूर्वी तो मोठ्यांचा आणि चिकाटीच्या माणसांचा होता. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या कोऱ्या सोंगट्या आणायच्या, बारीक ब्रशने घरी रंगवायच्या, जाडजूड नियमपुस्तक पाठ करायचे आणि कोणाला किती जखमा झाल्या याचा हिशेब कागदावर मांडायचा. लहान मुलांचे तिथे काम नव्हते.

2000 साली जॉर्डन वाइसमन नावाच्या खेळ-रचनाकाराने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 'विझकिड्स' ही कंपनी काढली. हा माणूस या धंद्यात नवखा नव्हता. 'बॅटलटेक' आणि 'शॅडोरन' हे गाजलेले खेळ काढणाऱ्या 'फासा' कंपनीच्या संस्थापकांपैकी तो एक होता. त्याने दोन गोष्टी केल्या. सोंगट्या कारखान्यातूनच रंगवून आणल्या, आणि कागदावरचा हिशेब सोंगटीच्या पायाखालच्या तबकडीत घातला. सोंगटीची चाल किती, मार किती, बचाव किती हे खाचेत दिसायचे. फटका बसला की तबकडी एक घर पुढे फिरवायची. जखमी सैनिक जसा हळूहळू दुबळा होतो, तसे आकडे उतरत जायचे. बाद व्हायची वेळ आली की तेही तबकडीच सांगायची. दहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात समजेल असा हा खेळ होता.

पहिला खेळ 'मेज नाइट'. त्यात दर्जी वापरतात तशा टेपने अंतर मोजायचे. 2002 मध्ये 'हिरोक्लिक्स' आला. त्यात मार्व्हल आणि डीसी या दोन्ही चित्रकथा कंपन्यांचे वीर परवाना घेऊन सोंगट्यांत उतरवले होते आणि पट चौकटींचा होता. खेळ अतिशय चालला. 2003 साली न्यूयॉर्कच्या 'टॉप्स' कंपनीने तीन कोटी डॉलरच्या आसपास किंमत मोजून विझकिड्स विकत घेतली. टॉप्स म्हणजे बेसबॉलच्या पत्त्यांसाठी प्रसिद्ध असलेली, 1938 पासूनची कंपनी. हे नाव आपल्याकडच्या मुलांनाही अनोळखी नाही. 'क्रिकेट अटॅक्स'ची पत्ती ज्यांनी जमवली, त्यांनी पाकिटावर ते वाचले असेल.

बंद पाकिटाचे गणित

या सोंगट्या बंद खोक्यात विकल्या जायच्या. एका खोक्यात चार-पाच, पण आत कोणत्या आहेत ते फोडल्याशिवाय कळायचे नाही. काही सहज मिळणाऱ्या, काही दुर्मीळ. सुरुवातीच्या संचांत तर एकाच वीराच्या तीन-तीन प्रती असत आणि त्यांच्या तबकडीवर पिवळे, निळे किंवा लाल कडे असे. लाल कड्याची सोंगटी अनुभवी, म्हणून तीच सगळ्यांना हवी.

अशी विक्री आत काय आहे हे न सांगता होते. तिच्यात 'गरर' किती, हे उलेमांना विचारावे, तो आमचा अधिकार नाही. आम्ही शिक्षक माणसे, आम्ही गणितापुरते बोलतो. समजा एका संचात 20 वेगवेगळी पत्ती आहेत, सगळी सारख्याच प्रमाणात छापलेली आहेत, आणि एका वेळी एकच मिळते. वीसच्या वीस जमायला सरासरी किती वेळा पैसे मोजावे लागतील? उत्तर 72 येते. पहिली दहा वेगळी पत्ती साधारण 13-14 खरेदीत मिळून जातात, म्हणून मुलाला वाटते की आता झालेच. पण शेवटचे एकच पत्ते मिळवायला सरासरी 20 खरेद्या लागतात. काही पत्ती मुद्दाम कमी छापली असतील, तर हिशेब याहून वाईट.

वर्गात आम्ही हे चिठ्ठ्या टाकून करून पाहिले. पिशवीत 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या, एक काढायची, लिहायची, परत टाकायची. एका गटाला 58 वेळा काढावी लागली, दुसऱ्याला 91 वेळा. तास संपला तरी तिसऱ्या गटाचा 17 आकडा आलाच नव्हता. पालकांनी घरी हा प्रयोग जरूर करावा. दहा भाषणांपेक्षा मुलाला तो लवकर पटतो.

यातून सुटका एकाच मार्गाने होते, ती म्हणजे अदलाबदल. तुझ्याकडे दोन, माझ्याकडे एकही नाही, मग बदलू. म्हणून अशा खेळाला नुसते गिऱ्हाईक पुरत नाही, जमात लागते. आणि विझकिड्सने ती खरोखरच उभी केली होती. छंदाच्या दुकानांत आठवड्याच्या ठरल्या दिवशी टेबले मांडली जायची. सामने भरवायला गावोगावचे हौशी खेळाडू पुढे यायचे. त्यांना कंपनी 'एन्व्हॉय' म्हणायची. त्यांना पगार नव्हता. बक्षिसाला वेगळ्या सोंगट्या कंपनीकडून यायच्या. भाचा सांगत होता, "मामू, अमेरिकेत माझे पहिले चार दोस्त मला शाळेत नाही, त्या दुकानात मिळाले. शनिवारी दुपारी अम्मी सोडायची आणि मगरिबच्या आधी घ्यायला यायची."

10 नोव्हेंबर 2008

2008 साली ईदुल फित्र ऑक्टोबरच्या तोंडावर आली होती. भाच्याने ईदीची सगळी रक्कम त्या दुकानात दिली आणि खोकी आणली. काही उघडली, काही पुढच्या सामन्यासाठी तशीच ठेवली. 10 नोव्हेंबरला टॉप्सने जाहीर केले की विझकिड्सचे काम ताबडतोब बंद होत आहे.

त्या काळात अमेरिकेत मोठ्या बँका कोसळल्या होत्या, बाजार घाबरलेला होता. टॉप्सही वर्षभरापूर्वी, 2007 मध्ये, सुमारे साडेअडतीस कोटी डॉलरला नव्या मालकांच्या हातात गेली होती. आर्थिक परिस्थिती पाहता आपल्या मूळ धंद्याकडेच लक्ष द्यायचे, असे कंपनीचे म्हणणे पडले. हिरोक्लिक्ससारखे चालणारे खेळ दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवण्याचा विचार चालू आहे, असेही तिने सांगितले. पण कोणाच्या, कधी, याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हते.

कंपनी बंद पडली की पहिला फटका नोकरदारांना बसतो. दिवाळीच्या तोंडावर कारखान्याला कुलूप लागावे तसे ते नाताळच्या तोंडावर झाले. त्यानंतरचा फटका कोणाला, हे मात्र बाहेरच्यांना सहज दिसत नाही.

या धंद्याची साखळी अशी असते. खेळ काढणारी कंपनी सोंगट्यांची रचना करते, चीनमधल्या कारखान्यात साचे करून माल बनवून घेते, वितरक तो उचलतो आणि शेवटी छोटे दुकानदार वितरकाकडून घेतात. माल यायच्या कितीतरी आधी दुकानदाराला आपली मागणी नोंदवावी लागते. छंदाचे दुकान बहुधा एका कुटुंबाचे असते, आपल्याकडच्या किराणा दुकानासारखे. त्याच्या फळीवर शंभर खोकी असतील, तर ती कालपर्यंत नगद होती. आज गिऱ्हाईक विचारते, "पुढचा संच येणार नसेल तर हे घेऊन काय करू?" माल खराब झालेला नसतो, एक अक्षरही पुसलेले नसते, तरी किंमत उतरते. कारण गिऱ्हाईक नुसती सोंगटी विकत घेत नव्हते. पुढच्या शनिवारचा सामना, पुढच्या वर्षीचा संच आणि समोर बसणारा माणूस, या सगळ्याच्या भरवशावर ते पैसे देत होते.

दुकानाचे नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. शनिवारी खेळायला येणारी वीस मुले चिप्स घेतात, पेय घेतात, दुसरा एखादा खेळ पाहतात. टेबल रिकामे पडले की हा सगळा गल्ला जातो. भाच्याच्या दुकानदाराने खोकी निम्म्या किमतीत काढली. ती पाहून भाचा घरी येऊन रडला. ज्या मालाला त्याने महिन्यापूर्वी पूर्ण पैसे दिले होते, तोच माल टोपलीत अर्ध्या भावाने पडला होता.

तिसरे नुकसान भरवशाचे, आणि ते शेजारच्या फळीवर बसते. एक कंपनी बुडाली की लोक दुसऱ्या कंपनीच्या नव्या खेळाकडेही संशयाने पाहतात. "हा तरी किती दिवस चालेल?" आणि लोक थांबून पाहू लागले की चालला असता तो खेळही चालत नाही. फ्रान्सची 'रॅकहॅम' ही कंपनी कोऱ्या धातूच्या सुंदर सोंगट्यांसाठी नावाजलेली होती. तीही रंगवलेल्या प्लॅस्टिककडे वळली आणि 2010 मध्ये बंद झाली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वाल्या मोठ्या कंपनीने आपली बंद खोक्यातल्या सोंगट्यांची मालिका 2011 च्या सुरुवातीला थांबवली. या सगळ्याला विझकिड्सच कारण होती असे कोणी म्हणू नये. प्रत्येकाची अडचण वेगळी होती. पण वारा एकाच दिशेचा होता.

त्याच काळात काही कंपन्यांनी वाट बदलली. 'फँटसी फ्लाइट' या कंपनीने 2008 पासूनच आपले पत्त्यांचे खेळ नशिबाच्या पाकिटांऐवजी ठरलेल्या संचात विकायला सुरुवात केली होती. आत काय आहे ते वेष्टनावरच कळायचे. 2012 मध्ये त्यांनी रंगवलेल्या विमानांसारख्या सोंगट्यांचा 'एक्स-विंग' काढला, तोही उघड विक्रीचा. तो जोरात चालला. गिऱ्हाइकाला काय देतो आहोत हे आधी सांगूनही धंदा होतो, हे त्याने दाखवून दिले.

पुढे काय झाले?

भाच्याच्या दुकानात सामने भरवणारा एक तरुण होता, दिवसा कुठेतरी नोकरी करायचा. कंपनी बंद झाल्याची बातमी आली त्या शनिवारीही तो आला. त्याच्याकडे जुन्या बक्षिसांच्या काही सोंगट्या उरल्या होत्या, त्या त्याने बाहेर काढल्या. त्या संपल्यावर त्याने स्वतःच्या डब्यातल्या दिल्या. कंपनीच राहिली नव्हती, तरी तो येत राहिला. भाचा म्हणाला, "आम्ही सहाजण उरलो होतो. पण सहाजण म्हणजे तीन टेबलं."

2009 मध्ये 'नेका' नावाच्या कंपनीने टॉप्सकडून विझकिड्सचे नाव आणि हिरोक्लिक्स विकत घेतले. योगायोग असा की ही कंपनी न्यू जर्सीचीच. अडलेला पुढचा संच त्याच वर्षाच्या शेवटी बाजारात आला आणि हिरोक्लिक्स पुन्हा उभा राहिला. पण सगळेच खेळ इतके नशीबवान नव्हते. 'मेकवॉरियर' नावाचा तबकडीचा खेळ होता, तो संपला तो संपलाच. 'मेज नाइट'ची जुनी सोंगट्यांची मालिका आधीच थंडावली होती. पुढे 2011 मध्ये ते नाव एका वेगळ्याच पटावरच्या खेळाला मिळाले, आणि तो मात्र जगभर नावाजला गेला. 'बॅटलटेक' आणि 'शॅडोरन' तर याआधीही एकदा असेच वाचले होते. 2001 मध्ये फासाने काम थांबवले तेव्हा ते विझकिड्सकडे आले. 2008 मध्ये विझकिड्स थांबली तेव्हा ते 'कॅटलिस्ट' या लहान कंपनीकडे परवान्यावर चालूच होते. दोन कंपन्या गेल्या, खेळ राहिले.

का राहिले? जिथे खेळणारे टेबलावर टिकून होते, तिथे विकत घेणाऱ्याला काहीतरी विकत घेण्यासारखे उरले होते. रिकाम्या दुकानातला खेळ कोण घेणार? पगाराशिवाय येणाऱ्या त्या तरुणाने आपल्या दुकानापुरता तो जिवंत ठेवला. नेकाच्या हिशेबवहीत त्याचे नाव कुठे असेल असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या घरी

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येतो. ईदी मुलाचीच आहे. पण पैसे त्याचे असणे आणि विकत घेतलेली वस्तू त्याची होणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाच्याची कंपनी बंद पडली, तरी डबा राहिला. तबकडी आजही टक् करते. नियम छापलेले होते, तेही डब्यात आहेत. मोबाईलवरच्या खेळाची कंपनी उद्या बंद झाली, तर शिपाईही जातो, पोशाखही जातो आणि पडद्यावर फक्त एक सूचना उरते. तिथे मुलगा वस्तूचा मालक नसतो, कंपनी चालवेल तोवर वापरणारा असतो.

म्हणून आमच्या घरी आम्ही चार प्रश्न ठरवले आहेत. मुलाने पैसे खर्चण्याआधी स्वतःलाच विचारायचे. आत काय मिळणार, हे आधी कळते का? कंपनी उद्या नसली तरी यावर खेळता येईल का? हे खेळायला समोर बसणारे कोणी आहे का? आणि हे अपुरे राहिले तर मला झोप लागेल का? शेवटचा प्रश्न भाच्याने सुचवला. तो म्हणाला की त्याच्या डब्यात एक सोंगटी आजही कमी आहे. दहा वर्षे त्याला वाटत होते की ती मिळाली म्हणजे झाले. आता ती सहज विकत घेता येते, पण तो घेत नाही.

या प्रश्नांतून मुलाला 'नाही' असे उत्तर मिळेलच असे नाही. आमच्या धाकट्याने दोन दिवस विचार केला आणि तीनशे रुपये त्या पोशाखावर घातलेच. आम्ही अडवले नाही. उरलेल्यांपैकी काही त्याने कॅरमच्या नव्या सोंगट्या आणि स्ट्रायकरसाठी काढून ठेवले, बाकी अम्मीकडे अमानत म्हणून दिले. तीनशे रुपयांचा धडा त्याला कधीतरी मिळेल. तो दोन हजारांचा नसेल, एवढेच आम्हाला हवे होते.

दुकानदार बांधवांनाही एक शब्द. आपल्या मुस्लिम मोहल्ल्यांत खेळणी, स्टेशनरी, मोबाईलची दुकाने चालवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. एकाच कंपनीच्या चलतीच्या मालावर सगळा गल्ला लावू नये, हे त्यांना आम्ही काय सांगावे? पण दुकानाबाहेर एक बाकडे आणि एक कॅरमबोर्ड ठेवला, तर मुले येत राहतात. कंपन्या येतात-जातात, बाकड्यावर बसणारे गिऱ्हाईक मात्र आपले राहते.

भाचा परत जायच्या आदल्या रात्री दोघे भाऊ जमिनीवर पट पसरून बसले होते. वीज गेली होती, मोबाईल चार्ज नव्हता. बॅटरीच्या उजेडात फासे पडत होते आणि तबकडी फिरल्याचा आवाज येत होता. बेगमने दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी आम्हीच उठून गेलो, तर धाकटा म्हणाला, "अब्बा, थांबा ना, भाईजानचा बॅटमॅन बाद व्हायला एकच घर उरलंय."

तुमच्या घरी ईदीचे काय झाले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.